दोनच वर्षं राहायचंय, म्हणून शेजार नको?

मोरोक्कोतल्या राबातच्या अगदाल भागातून एका मुलीचं लांबलचक पत्र आलंय. नवरा फॉस्फेटच्या व्यवहारात. सकाळी मुलाला शाळेत सोडतो आणि आगगाडीने कासाब्लांकाला जातो. ही पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. "काकू, मी पहाटे पाचला लॅपटॉप उघडते, कारण तेव्हा पुण्यात साडेनऊ झालेले असतात. दुपारी दोनला मोकळी होते. मग मुलगा येईपर्यंत घर खायला उठतं. सासूबाई रोज फोनवर विचारतात, तिथे आपलं कोण आहे? काय सांगू त्यांना?"

वाचून जीव कळवळला. परक्या गावातली दुपार कशी अंगावर येते ते तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको. पण पोरी, त्याच पत्रात पुढे तू सहज लिहून गेली आहेस: "मागच्या शुक्रवारी समोरच्या बाई कुस्कुसचं ताट देऊन गेल्या. त्यात मटण होतं, आम्ही शाकाहारी. मी मेर्सी म्हटलं, खाली राखणदाराला ते देऊन टाकलं आणि ताट धुऊन त्यांच्या दाराशी ठेवून आले. दोनच वर्षं राहायचंय, उगाच ओळखी कशाला वाढवा?"

अगं, रिकामं ताट? आणि तेही बेल न वाजवता, दाराशी? तुझ्या आईने कधी कुणाचं भांडं रिकामं परत केलंय का, चिमूटभर साखर तरी घातल्याशिवाय?

तुझ्या दारात काय आलं होतं ते आधी समजून घे. मोरोक्कोत शुक्रवार हा कुस्कुसचा दिवस. नमाज आटोपून माणसं घरी येतात आणि एकाच मोठ्या ताटाभोवती सगळं घर बसतं. रीतसर करायचं तर ते रव्याचे दाणे पुन्हा पुन्हा वाफवायचे, दर वेळी बाहेर काढून हाताने मोकळे करायचे. खाली भाज्यांचा रस्सा रटरटत असतो. त्यात अर्धी सकाळ जाते. एवढा खटाटोप करून त्या बाईंनी तुझ्यासाठी वाटा काढला आणि जिना ओलांडून आणून दिला. "इथे आपलं कोणीच नाही" असं तू ज्या आठवड्यात लिहिलंस, त्याच आठवड्यात!

शेजाराचं मी पुन्हा पुन्हा सांगते, त्याला कारण आहे. माझा भाऊ-वहिनी कैरोत मादी नावाच्या भागात राहायचे. वहिनीही हेच म्हणायची, दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. पण वरच्या मजल्यावरच्या आजींकडे तिचं जाणंयेणं होतं, केक नेऊन दे, लोणचं नेऊन दे असं. जानेवारी २०११ मध्ये तिथे उठाव झाला तेव्हा भाऊ कामासाठी दुबईत अडकलेला. २८ तारखेला इंटरनेट बंद, मोबाइलही बंद, रस्त्यावरून पोलीस गायब. गल्लीतली माणसंच काठ्या घेऊन रात्रभर नाक्यावर पहारा देत होती. आजींचा मुलगा त्यांच्यातच होता. आजींनी वहिनीला आणि दोन्ही पोरांना वर झोपायला नेलं आणि त्यांच्या लँडलाइनवरून तिने नाशिकला फोन लावला. इकडे आम्ही सगळे टीव्हीसमोर हातपाय गाळून बसलो होतो. आईने फोनवर पहिला प्रश्न काय विचारला असेल? "तुझ्याजवळ कोण आहे?" वहिनीला उत्तर देता आलं.

राबातमध्ये असं काही होईल असं मी म्हणत नाही. पण पोराला रात्री ताप चढतो, चावी आत राहून दार ओढलं जातं, तेव्हा पुण्याची टीम उपयोगाची नाही.

तर आता काय करायचं ते ऐक. स्मीदा, म्हणजे रवा, तुझ्या कोपऱ्यावरच्या हानूतमध्ये, म्हणजे किराणा दुकानात, मिळतो, बारीकही आणि जाडाही. रव्याचे लाडू कर, वेलची घाल आणि दुपारी अडीचला त्या बाईंची बेल वाजव. वयाने मोठ्या असतील तर 'खाल्ती' म्हण, तिकडे मावशीला तशीच हाक मारतात. आम्ही मांस खात नाही हे स्पष्ट सांग. नुसते तुकडे बाजूला काढून चालत नाही, रस्साच मटणाचा असतो, हेही सांग. लपवलंस तर पुढचं ताटही राखणदाराकडेच जाईल. गाजर, भोपळा, कोबी, हरभरे घालून बिनमांसाचं कुस्कुस होतं. एखाद्या शुक्रवारी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून शिकून घे. दारिजा, म्हणजे तिथली बोलीतली अरबी, येत नाही ही सबब नको, दाणे मोकळे करायला भाषा लागत नाही. आणि मुलाला बरोबर ने, सहा वर्षांचं पोर तुझ्याआधी बोलायला लागेल.

रमजान आला की तिथलं घड्याळ तासभर मागे नेतात, हे तू यंदा बघशीलच. भारताशी साडेचार तासांचा फरक साडेपाचावर जाईल आणि तुझं काम पहाटे चारला सुरू होऊन दुपारी एकला संपेल. एरवी त्या वेळी अख्ख्या इमारतीत तू एकटीच जागी असतेस. त्या महिन्यात सहरीसाठी घराघरांत दिवे लागलेले असतील. संध्याकाळी कुणी रोजा सोडायला बोलावलं तर जा. हरीरा, म्हणजे रोजा सोडताना घेतात ते सूप, त्याचा रस्साही बहुतेक मांसाचाच असतो, तेव्हा खजूर आणि चहा घे, पण जा. सासूबाईंना समोरच्या बाईंचं नाव सांग आणि व्हिडिओवर दोघींची गाठ घालून दे. माझ्या सासूबाई मी मस्कतला असताना अशाच घोर लावून घ्यायच्या. शेजारणीचा चेहरा पाहिल्यावर त्यांचा सूर बदलला.

बाकीचे प्रश्न. तूरडाळ सुट्टीत येताना आण, तोवर मसूर आणि हरभरे आहेत, जिरं-कोथिंबीर तर ढीगभर. शाळा: दोन वर्षांनी खरोखर पुण्याला परतणार असाल तर इंग्रजी माध्यमच ठेवा, फ्रेंच त्याला खेळता खेळता येईल. कराचं मात्र गंभीर आहे. पगार पुण्याच्या खात्यात येतो म्हणून मोरोक्कोचा संबंध नाही, असं नसतं. कोणत्याही ३६५ दिवसांत १८३ पेक्षा जास्त दिवस राहिलं की तिथला कायदा तुला रहिवासी धरतो. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तो तुला कसा लागू होतो हे दोन्हीकडचं जाणणाऱ्या सीएला याच महिन्यात विचार. जाताना तुझं कार्त द सेजूर, म्हणजे तिथल्या वास्तव्याच्या परवान्याचं कार्ड, तेही घेऊन जा, आणि तुझ्या कार्डावर हे काम चालतं का, तेही विचारून घे.