खुब्यावर टोपी बसवायची की खुबाच बदलायचा?

खुब्याच्या रिसर्फेसिंगबद्दल, म्हणजे खुब्याचा गोळा कापून न टाकता त्यावर धातूची टोपी बसवण्याबद्दल, आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : वय ४७, उंची पाच फूट दहा इंच. उजवा खुबा झिजला आहे. डॉक्टर पूर्ण सांधा बदलायला सांगतात. पण टेनिसपटू अँडी मरे रिसर्फेसिंगनंतर पुन्हा स्पर्धा जिंकला, असं वाचलं. मग मला तेच का नको? – एक वाचक, नाशिक

मरेची शस्त्रक्रिया जानेवारी २०१९ मध्ये लंडनला झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने अँटवर्पची स्पर्धा जिंकली, हे खरं. पण तो सहा फूट तीन इंच उंचीचा, दणकट हाडाचा तरुण पुरुष. या शस्त्रक्रियेला नेमका असाच रुग्ण मानवतो.

पूर्ण सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा गोळा मानेसकट (गोळ्याखालच्या निमुळत्या भागासकट) कापतात आणि हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात. रिसर्फेसिंगमध्ये मान शाबूत राहते. गोळा चहूबाजूंनी तासून नळकांड्यासारखा करतात आणि त्यावर कोबाल्ट-क्रोमियमची टोपी सिमेंटने बसवतात. टोपीच्या आतली बारीक खुंटी मानेच्या मध्यातून जाते. कमरेच्या बाजूला त्याच धातूची पातळ वाटी सिमेंटशिवाय घट्ट दाबून बसवतात. तिच्या खडबडीत पाठीला पुढे हाड धरतं. बर्मिंगहॅमला डेरेक मॅकमिन यांनी १९९७ मध्ये आणलेली बनावट याच पद्धतीची.

बिघडतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. गोळा तासणारं गोल पातं मानेच्या वरच्या कडेला जरा जरी लागलं, तरी खाच पडते आणि वजन आलं की हाड तिथूनच मोडतं. टोपी आत कलती बसली तरी तोच धोका. ऑस्ट्रेलियात अशा ३,४९७ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला गेला. त्यात ५० जणांच्या हाडाची ही मान मोडली, म्हणजे सुमारे १.४ टक्के, आणि तीही सरासरी पंधराव्या आठवड्याच्या सुमारास. हे संकट लवकर येतं, तेवढे महिने निभावले की पुष्कळ धोका टळतो.

दुसरी जागा वाटीची. तिचा कल साधारण ४० ते ४५ अंश हवा. ५५च्या पुढे गेला, की टोपी वाटीच्या कडेवर घासते, मधला वंगणाचा पापुद्रा तुटतो आणि धातूची बारीक भुकटी आजूबाजूच्या मांसात उतरते. सूज, पाण्याची गाठ, स्नायू कुजणं, हे सगळं तिथून सुरू होतं. टोपी लहान असेल तर वाटी धरते तो भाग मुळातच कमी, म्हणून कलातली थोडी चूकही महागात पडते.

फायदे आहेतच. हाड वाचतं, आणि गोळा मोठा असल्याने सांधा सहसा निखळत नाही. पण ‘रिसर्फेसिंग म्हणजे जास्त चपळ पाय’ या समजाला फारसा आधार नाही. इंग्लंडमध्ये १२६ रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसं दोन शस्त्रक्रियांमध्ये वाटून तुलना केली (२०१२). वर्षभराने दोन्ही गटांच्या हालचालींत ठळक फरक दिसला नाही.

तेव्हा सर्जनना एकच गोष्ट आधी विचारा : एक्स-रेवर मोजून माझ्या टोपीचं माप किती मिलिमीटर निघतं? ५० किंवा वर असेल, हाड चांगलं असेल आणि सर्जन ही शस्त्रक्रिया नेहमी करत असतील, तर पुढची चर्चा करा. आपल्याकडे नेहमी करणारे मोजकेच आहेत. वर्षाकाठी दोन-चार करणाऱ्यांकडे जाण्यापेक्षा चांगला पूर्ण सांधा बसवून घेतलेला बरा.

प्रश्न : मी ४४ वर्षांची, उंची पाच फूट. ‘बायकांना हे करत नाही’ एवढंच सांगून डॉक्टरांनी विषय संपवला. हा भेदभाव नाही का? – एक वाचक, सांगली

नाही, मात्र कारण सांगायला हवं होतं. इंग्लंड-वेल्सच्या सांधे-नोंदवहीतल्या सुमारे ३२ हजार रिसर्फेसिंगचा अभ्यास २०१२ मध्ये आला. ५५ वर्षांच्या स्त्रीला ४२ मिमीची टोपी बसवली, तर पाच वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचा अंदाज ८.३ टक्के, दांडा व प्लास्टिकची वाटी असलेल्या साध्या पूर्ण सांध्यात १.५ टक्के. त्याच वयाच्या पुरुषात ५४ मिमीला २.६, पूर्ण सांध्यात १.९. म्हणजे पुरुषातही रिसर्फेसिंग सरस ठरलं नाही, फक्त जवळ आलं. स्त्रियांमध्ये मात्र टोपी कुठल्याही मापाची असो, निकाल वाईटच.

२०१५ मध्ये बर्मिंगहॅम बनावटीच्या कंपनीनेच ४६ मिमी व त्याखालची मापं बाजारातून काढली आणि स्त्रियांसाठी वापरू नका, असं कळवलं. शिवाय कोबाल्ट-क्रोमियम वारेतून गर्भापर्यंत पोचतं. सिरॅमिकच्या टोप्यांवर चाचण्या चालू आहेत, त्यांत स्त्रियाही आहेत. पण दीर्घकाळचे आकडे यायला वेळ आहे.

प्रश्न : २००८ मध्ये मुंबईत ‘एएसआर’ खुबा बसवला. काही दुखत नाही. तरी तपासण्या कशाला? – एक वाचक, ठाणे

कारण न दुखताही आतलं मांस खराब होऊ शकतं. एएसआर हा डेप्यू कंपनीचा धातूवर धातू घासणारा खुबा. त्याची वाटी उथळ होती, त्यामुळे कडेवर घासणं जास्त. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. तेव्हाच पाच वर्षांतलं अपयश १२ ते १३ टक्के दिसत होतं. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्राने २०१८ मध्ये वय आणि अपंगत्वावरून ३० लाख ते सव्वा कोटीच्या आसपास भरपाईचं सूत्र ठरवलं. जुनी फाइल काढा आणि इम्प्लांटचे ते छोटे चिकट लेबल, ज्यावर बनावट, माप व लॉट नंबर असतो, शाबूत आहे का बघा. त्याची झेरॉक्स करून ठेवा, शाई उडते.

दरवर्षी रक्तातलं कोबाल्ट व क्रोमियम तपासा. इथे चूक होते ती रक्त घेताना. स्टीलच्या सुईतूनच क्रोमियम सुटतं आणि आकडा फुगतो. म्हणून प्लास्टिकची कॅन्युला लावायला सांगा, पहिले ५ मिली टाकून द्या, आणि पुढचं रक्त सूक्ष्म धातूंसाठीच्या खास नळीत (निळ्या टोपणाची) घ्या. दरवर्षी एकाच लॅबमध्ये जा. एकदा पूर्ण रक्त आणि एकदा सीरम (पेशी काढून उरलेला पातळ भाग) दिलं, तर आकड्यांची तुलना होत नाही. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करा. कोबाल्ट-क्रोमियम मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं.

ब्रिटनच्या नियामक संस्थेने मर्यादा लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम धरली. त्याहून वर गेलं तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि सोनोग्राफी किंवा धातूची सावली कमी करणारी खास एमआरआय. साधी एमआरआय केलीत तर खुब्याच्या जागी काळा डाग मिळेल आणि पैसे जातील. ऐकू कमी येणं, नजर धूसर होणं, धाप लागणं, ही रक्तात कोबाल्ट वाढल्याचीही लक्षणं असू शकतात; यांतलं काही नव्याने सुरू झालं तर खुब्याचा उल्लेख त्या-त्या डॉक्टरांकडे जरूर करा. त्यांना तो आपणहून सुचेलच असं नाही.

प्रश्न : मुलगा २९ वर्षांचा, सिकलसेलचा रुग्ण. खुब्यात एव्हीएन निघालं. वय लहान म्हणून रिसर्फेसिंग सुचवलं आहे. – एक पालक, गोंदिया

सावध राहा. एव्हीएनमध्ये गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरतं. टोपी बसते ती त्याच गोळ्यावर. मेलेल्या हाडाला सिमेंट धरत नाही, टोपी सैल होते. मेलेला भाग गोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा असेल, तर बहुतेक सर्जन नकोच म्हणतात. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडंही हळूहळू कमजोर होतात, मग धातू शरीरात साठतो. गोळा अजून चेपला नसेल तर छिद्र पाडून दाब कमी करण्याचा उपाय विचारा. चेपला असेल तर पूर्ण सांधाच. भूल देण्याआधी रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला हवाच.

प्रश्न : रिसर्फेसिंग होऊन दोन महिने झाले. मांडी घालू का? स्कूटर? – एक वाचक, पणजी

मांडी घालायला हळूहळू सुरुवात करा, सर्जननी एक्स-रे पाहून होकार दिल्यावर. उकिडवं बसणं त्यानंतर. स्कूटर चालते, पण किक मारू नका. पळणं आणि उड्या निदान सहा महिने बंद; मानेचं हाड तोवर भरत असतं. जांघेत नवी कळ आली आणि त्या पायावर वजन टाकवेना, तर मालिश करत बसू नका. त्याच दिवशी एक्स-रे काढा.