आधी कपाट उघडा

पत्र: माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. इंजेक्शनची नशा करतो. ८ महिन्यांपूर्वी तपासणीत एचआयव्ही निघाला. मी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते, घर माझ्यावरच चालतं. त्याला सांगितलंय, आधी नशा सोड, महिनाभर नीट राहून दाखव, मग मी स्वतः तुला एआरटी सेंटरला, एचआयव्हीच्या गोळ्या देतात तिथे, नेते. नशेत ती गोळी घेतली तर अंगावर उलटेल ना? मध्ये एकदा एकटाच गेला होता, पण आधार कार्ड मागितलं म्हणून परत आला. कार्ड मी कपाटात कुलपात ठेवलंय, कारण त्यावर त्याने हप्त्याने मोबाइल घेऊन विकला होता. त्याला सुधरायचंच नाही. काय करू?
– एक अक्का, सोलापूर

अक्का, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले. 'मध्ये एकदा एकटाच गेला होता.' जणू दळण टाकायला गेला आणि गिरणी बंद निघाली!

इंजेक्शनवाल्याची सकाळ तुम्ही घरात बघत असाल. डोस लांबला की नाक-डोळे वाहतात, हाडं ठणकतात, पोटात मुरडा येतो. तसल्या अंगाने तो उठला, रांगेत उभा राहिला, खिडकीपर्यंत पोचला. कुणी ओढून नेलं नव्हतं. आणि तुम्ही म्हणता, सुधरायचंच नाही? तो परत फिरला कारण कार्ड तुमच्या कुलपात होतं. घरी येऊन मागायची सोय नाही. मागितलं की मोबाइल निघणार.

हप्ते तुम्ही फेडलेत, राग खरा आहे. पण त्याची वसुली त्याच्या औषधातून करू नका.

ती महिनाभराची अट तुमची आहे, डॉक्टरांची नाही. सरकारी केंद्रांत या गोळ्या २००४ पासून मोफत मिळतात. तेव्हा सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, बरंच खाली उतरल्याशिवाय सुरू करत नसत. २०१७ पासून तेही गेलं. एचआयव्ही निघाला की सीडी-फोर कितीही असो, उपचार सुरू. नशा चालू आहे म्हणून थांबा, असा नियम नाही. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, तीन औषधं एकात. नशेने ती उलटत नाही, नशेत ती घ्यायची राहून जाते. म्हणून तिथल्या समुपदेशकापासून काही लपवायचं नाही. काय टोचतो ते त्याला नावानिशी सांगू द्या. अफूच्या जातीचं असेल तर जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी असते, त्या उपचाराला ओएसटी म्हणतात. त्याची सोय कुठे होईल ते विचारा. सकाळची तडफड थांबली की एचआयव्हीची गोळीही वेळेवर जाते. सुई मात्र कुणाशी वाटून घ्यायची नाही, गोळ्या सुरू झाल्यावरही नाही.

आठ महिने गेले, तुमचा तो एक महिना अजून सुरू व्हायचाय!

उद्या एक खाडा करा. त्याच्यासमोर कपाट उघडा आणि कार्ड त्याच्या हातात द्या. धाकधूक वाटत असेल तर झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, मूळ कार्ड त्याच्या खिशात. तपासणीचा कागद बरोबर घ्या. केंद्र कुठे, किती वाजता, हे १०९७ वर विचारता येतं, फोन फुकट आहे. रांगेत तुम्ही उभ्या राहा, त्याला बाकावर बसू द्या. खिडकीवर मात्र तोच बोलेल. खोकला, रात्रीचा ताप, वजन उतरणं, यातलं काही असेल तर आपणहून सांगा, टीबी आहे का ते बघावं लागतं.

वेळ लागेल. भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या. आणि जाता-येता मोबाइलचा विषय काढू नका.