ब्रश सोडवू नका

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, चित्रकलेत रमते. तिचे बाबा म्हणतात, ‘दहावी जवळ आली, आता ब्रश बाजूला ठेव.’ काय करू? (एक आई, पंचवटी)

उत्तर : ताई, तिच्या बाबांना आधी हिशोबच दाखवा. शासनाच्या इंटरमिजिएट ग्रेड चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली, तर दहावीला सात वाढीव गुण मिळतात, ‘ब’ला पाच, ‘क’ला तीन. त्याआधीची पहिली परीक्षा, एलिमेंटरी, उरकून घ्या. चित्रकलेचा मास्तर असून गुणांची लालूच दाखवतोय, पण घरात हीच भाषा चालते, काय करणार!

या परीक्षांत मुलं वस्तुचित्र, स्मरणचित्र निभावतात. अडकतात ती भूमितीत आणि अक्षरलेखनात. माझ्या वर्गातला एक पोरगा तांब्या असा काढायचा की उचलून पाणी प्यावंसं वाटे, पण दोन अक्षरांमधलं अंतर काही केल्या जमेना. तेव्हा रोज अर्धा तास पट्टी-कंपास. रविवारी सकाळी तिला गोदाघाटावर न्या, तिथल्या नारोशंकर मंदिराच्या घंटेचं स्केच करू द्या. गर्दी बघते, बघू दे. आणि खोडरबर घरीच ठेवा.