लाखाचा लॅपटॉप नको, आधी मॉडेल कुठे तोडता येतं ते बघ

नांदेडहून एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. एमएस्सी स्टॅटिस्टिक्सचं दुसरं वर्ष. प्रोजेक्टमध्ये शाळांच्या मार्कांवर मिक्स्ड मॉडेल (मुलामुलांतला आणि शाळाशाळांतला फरक एकत्र मोजणारं) लावलंय, त्याचं हजार वेळा बूटस्ट्रॅप (डेटातून पुन्हा पुन्हा नमुने, म्हणजे रीसॅम्पल, काढून मॉडेल दर वेळी नव्याने लावणं) करायला लॅपटॉपला अख्खी रात्र लागते. सिनिअर म्हणतो पॅरलल कम्प्युटिंगलाच (एकच काम अनेक प्रोसेसरवर वाटून करण्याला) स्कोप आहे, तर स्टॅटिस्टिक्स बाजूला ठेवून सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचा कोर्स करू का? बाबा जीपीयूवाला (वेगळी ग्राफिक्स चिप असलेला) लॅपटॉप घेऊन द्यायला तयार आहेत, लाखाच्या आसपास जातो.

अगं, आधी बाबांना थांबव. तू आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये एलएमई-फोर (lme4) वापरतेयस, ते मिक्स्ड मॉडेलचं पॅकेज जीपीयू वापरतच नाही, त्यामुळे जीपीयूसाठी मोजलेल्या पैशांनी तुझी रात्र वाचणार नाही.

आणि स्टॅटिस्टिक्स सोडायचा विचार तर मनातही आणू नकोस, कारण काम कुठे तोडता येतं हे नुसता कोड बघून नीट कळत नाही, मॉडेल समजावं लागतं. तुझंच बघ ना. बूटस्ट्रॅपमधलं प्रत्येक रीसॅम्पल स्वतंत्र असतं, सदतिसाव्याला छत्तिसाव्याच्या उत्तराशी काही देणंघेणं नसतं, मग प्रोसेसरच्या चार कोअरवर (एकाच वेळी आपापलं काम करणाऱ्या भागांवर) अडीचशे-अडीचशे वाटून दे, काही बिघडत नाही. पण उद्या हेच मॉडेल बेजियन पद्धतीने एमसीएमसीने (एकामागून एक रँडम पावलं टाकत उत्तर शोधायची रीत) लावलंस तर तिथे चेनची, म्हणजे त्या पावलांच्या साखळीची, प्रत्येक स्टेप आधीच्या स्टेपवर अवलंबून असते, एकच चेन मधे कापून दोघांना देता येत नाही. चार चेन चार कोअरवर सोडता येतात, पण प्रत्येकीचा वॉर्मअप (सुरुवातीची, उत्तरात न धरायची पावलं) तिचा तिलाच करावा लागतो. स्टॅन या बेजियन सॉफ्टवेअरमध्ये लाइकलिहूडची (मॉडेल डेटाशी किती जुळतं त्या मापाची) बेरीज तुकड्यांत करायची सोय आहे खरी, पण ऑब्झर्वेशन्स कंडिशनली इंडिपेंडंट (मॉडेलचे आकडे धरल्यावर एकमेकांपासून स्वतंत्र) आहेत की नाही हे ज्याला कळतं तोच ती बरोबर वापरणार. ते तू शिकतेयस, आणि माझ्या मते तुझी खरी किंमत तिथेच आहे.

काम वाटून वेग किती वाढतो ते सांगणारा अॅम्डालचा 1967 चा नियम एकदा स्वतः हाताने सोडवून बघ. समज कामाचा 20 टक्के भाग वाटताच येत नाही, तर चार कोअरवर वेग चौपट होत नाही, अडीचपटच होतो, आणि कितीही कोअर लावलेस तरी पाचपटीच्या वर जात नाही. म्हणून आधी आरप्रॉफ (Rprof, आरमधलं वेळ मोजायचं साधन) चालवून वेळ नेमका कुठे जातोय ते बघ. बऱ्याचदा लूपमध्ये दर फेरीला आरबाइंडने (rbind, ओळी जोडणारं फंक्शन) डेटाफ्रेम, म्हणजे डेटाचा तक्ता, वाढवत नेलेली असते, तेवढं सुधारलं तरी पुष्कळ फरक पडतो.

त्यानंतर आरच्या सोबतच येणारं पॅरलल पॅकेज घे, वेगळं इन्स्टॉल करायची गरज नाही. विंडोज असेल तर त्यातलं काम वाटणारं फंक्शन एमसी-लॅप्लाय (mclapply) एकाच कोअरवर चालतं, तिथे मेक-क्लस्टर (makeCluster) आणि पार-लॅप्लाय (parLapply) वापरायचं, आणि डेटा नि पॅकेज प्रत्येक वर्करला (वेगळ्या चालणाऱ्या आरच्या प्रतीला) आपण स्वतः पाठवायचं, नाहीतर ऑब्जेक्ट नॉट फाउंड येतं आणि पोरं तिथेच सोडून देतात. प्रत्येक वर्करकडे डेटाची स्वतंत्र कॉपी जाते, रॅम आठ जीबी असेल तर त्यावर लक्ष ठेव. आणि नुसतं वर सेट-सीड (set.seed, दर वेळी तेच रँडम नंबर यावेत म्हणून द्यायची सूचना) लिहून भागत नाही बरं का, वर्करच्या रँडम नंबरला ते लागू होत नाही, त्यासाठी क्लस्टर-सेट-आरएनजी-स्ट्रीम (clusterSetRNGStream) आहे. व्हायव्हात एक्स्टर्नलने विचारलं की तुझे रिझल्ट्स पुन्हा तसेच येतील का, तर तुझ्याकडे उत्तर हवं.

आता नोकरीच्या संधींचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत 2018 मध्ये प्रत्युष सुपरकॉम्प्युटर आला, तिथे हवामानाचं मॉडेल सुरुवातीची स्थिती थोडी थोडी बदलून पुन्हा पुन्हा चालवतात आणि त्या सगळ्या उत्तरांवरून अंदाज किती भरवशाचा ते ठरवतात, म्हणजे तुझ्याच विषयातलं काम. औषध कंपन्यांत ट्रायल सुरू करायच्या आधी सॅम्पल साइझ आणि पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडायची शक्यता) सिम्युलेशनने काढतात, बँका-इन्शुरन्समध्ये रिस्कचं मॉन्टे कार्लो (रँडम नंबरांनी हजारो शक्यता चालवून बघणं) चालतं. या सगळीकडे स्टॅटिस्टिक्स पक्कं असलेला आणि कोड वेगात चालवू शकणारा माणूस लागतो, नुसते कोअर वाटणारा नाही.

सीडॅकचे पीजी डिप्लोमा साधारण सहा महिन्यांचे असतात, सी-कॅट ही त्यांची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. डिग्री हातात आल्यावर सिस्टीमच्या बाजूला जावंसं वाटलं तर जरूर जा, पण अर्धवट एमएस्सी टाकून नको. बाबांच्या मनात सरकारी नोकरी असेल तर यूपीएससीच्या आयएसएस (इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस) परीक्षेलाही स्टॅटिस्टिक्सच लागतं, हे त्यांना सांग.

या आठवड्यात हजार नाही, चाळीसच रीसॅम्पल घेऊन आधी एका, मग दोन, मग चार कोअरवर चालव, प्रत्येक वेळ लिहून ठेव आणि तो तक्ता प्रोजेक्ट रिपोर्टमध्येच टाक. इंटरव्ह्यूला बोलायला तुझ्याकडे स्वतःचं काहीतरी राहील.