मामांचा धेंपो : खानापूरच्या भाच्याला उत्तर

प्रश्न असा आहे : "मी खानापूरचा, बेळगावात कॉलेजला आहे. आमचे मामा उठता-बसता धेंपोचं नाव घेतात. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) तर हा क्लब कुठं दिसत नाही. खरंच एवढा मोठा होता, की मामा फेकतात? आणि मोठा होता तर गेला कुठं?"

मामा फेकत नाहीत, एवढं आधी सांगतो. धेंपो हा गोव्याचा फुटबॉल क्लब, त्यानं देशाची लीग पाच वेळा मारलीय. २००४-०५ आणि २००६-०७ ला ती नॅशनल फुटबॉल लीग होती. मग नाव बदलून आय-लीग झाली, त्यात २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. मोहन बागानचाही आकडा पुढं पाचवर गेला, पण २०२० साली. तोवर एवढ्या वेळा लीग जिंकलेला दुसरा क्लब देशात नव्हता. हे कोलकात्याच्या माणसाला तोंडावर सांगून बघ, चहा गार होईपर्यंत वाद घालेल.

नावाचा घोळ आधी निस्तरतो. गोव्याचे मराठी पेपर 'धेंपो' छापतात, आम्ही बेळगावकर 'डेंपो' म्हणतो, आणि मिरामारच्या कॉलेजावर 'धेंपे' लिहिलंय. घराणं एकच. खनिज आणि जहाजं हा त्यांचा मूळ धंदा, 'नवप्रभा' हे मराठी दैनिकही त्यांचंच. आता नकाशा डोळ्यांसमोर आण. चोर्ला घाट उतरलास, केरी-साखळी मागं टाकलंस की डिचोली लागते. तिथं त्यांची खाण होती, आणि तिथलीच एक फुटबॉल टीम. साठच्या दशकाच्या अखेरीला ती टीम त्यांनी हातात घेतली आणि तिचा धेंपो स्पोर्ट्स क्लब झाला. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना हा क्लब परका का वाटत नाही, ते यातच आलं. बंगळूर पाचशे किलोमीटर. डिचोली म्हणजे सकाळचा नाष्टा बेळगावात करून निघालं तर दुपारच्या जेवणाला. माझ्या वयाच्या पोरांनी कर्नाटकाचा फुटबॉल फक्त पेपरात वाचला, बघितला तो गोव्याचा.

त्या काळी गोव्यात फुटबॉल चालायचा तो खाणवाल्यांच्या पैशावर. साळगावकर, सेझा, धेंपो. धेंपोनं सत्तरच्या दशकात मुंबईला जाऊन रोव्हर्स कप आणला होता. पण नॅशनल लीग गोव्यात पहिल्यांदा आणली ती साळगावकरनं, १९९८-९९ ला. धेंपोचा खरा काळ त्यानंतरचा. तो चालू होतानाच एक वाईट गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

५ डिसेंबर २००४. बंगळूरचं कंठीरवा स्टेडियम, फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. धेंपोकडं ख्रिस्तियानो ज्युनियर नावाचा ब्राझिलियन फॉरवर्ड होता, पंचवीस वर्षांचा, त्याच हंगामात ईस्ट बंगालकडून आलेला. पहिला गोल त्यानं केला. दुसराही त्यानंच केला, आणि त्याच क्षणी बागानच्या गोलकीपरशी त्याची धडक झाली. मी टीव्हीवर बघत होतो. बॉल जाळ्यात गेला म्हणून आम्ही खोलीत ओरडालोय, आणि हा पडलेला उठेना. आधी वाटलं वेळ काढालाय. मग बाकीचे खेळाडू हात हलवून मैदानाबाहेरच्या लोकांना बोलवायला लागले तेव्हा खोलीतला आवाज बंद झाला. माणूस गेला. धेंपो २-० नं जिंकला, पण त्या कपाबद्दल कुणी पेढे वाटले नाहीत. क्लबनं त्याची १० नंबरची जर्सी निवृत्त केली. मैदानाजवळ डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स पाहिजे, ही गोष्ट आपल्याकडं लोकांनी पहिल्यांदा मनावर घेतली ती त्या दिवसानंतर.

त्याच हंगामात धेंपोनं पहिली नॅशनल लीग मारली. स्पोर्टिंग क्लब द गोवा दुसरा. पहिले दोन्ही गोव्याचे, आणि कोलकाता खाली. असं पूर्वी झालं नव्हतं.

मामा ज्याच्याबद्दल बोलतात तो हा पुढचा काळ. कोच आर्मांदो कुलासो. एकच माणूस दहा वर्षांहून जास्त त्याच बाकावर. आपल्या देशात कोच सहा महिने टिकला तर सत्कार करतात. २०११ मध्ये काही महिने तो भारताचाही कोच होता. टीममध्ये पोरं बहुतेक गोव्याची : मागं महेश गवळी आणि समीर नाईक, मधे क्लायमॅक्स लॉरेन्स, डावीकडं क्लिफर्ड मिरांडा. सगळे भारताकडून खेळलेले. आणि वर दोन परदेशी, नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो.

बेटोला जवळून बघितल्याशिवाय कळत नव्हतं. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर साइडलाइनजवळ बसून एकदा आख्खी मॅच मी फक्त त्याच्याकडं बघितली. पळणं फार नाही. बॉल आला की बुटाच्या तळव्याखाली दाबून धरायचा, मान वर, आणि एक-दोन सेकंद काहीच करायचा नाही. समोरच्या हाफला वाटायचं, हा अडकला, घ्या बॉल. तो एक पाऊल पुढं आला रे आला की बॉल त्याच्या मागून गेलेला असायचा, आणि रँटी दोन बॅकच्या मधून आधीच सुटलेला. दोघांचं एकमेकांकडं बघणंसुद्धा व्हायचं नाही. आमच्या लेले ग्राउंडवरच्या पोरांनी पुढची दोन वर्षं बॉल तळव्याखाली दाबून धरायचा नाद केला आणि रोज बॉल घालवला. (त्यातलाच एक मी.)

आकडेच पाहिजेत तर दोन देतो. ३० मे २०११, धेंपो १४, एअर इंडिया ०. रँटीचे सहा. एवढा मोठा स्कोअर आय-लीगमध्ये दुसऱ्या कुठल्या मॅचला झालेला नाही. आणि २०११-१२ च्या हंगामात एकट्या रँटीचे ३२ गोल. त्याआधी २००८ मध्ये धेंपो आशियातल्या क्लबांच्या एएफसी कपच्या सेमीफायनलपर्यंत पोचला होता. तिथं लेबनॉनच्या सफा क्लबनं अडवलं. भारतातला क्लब बाहेर जाऊन एवढ्या लांब टिकणं तेव्हा नवलाचं होतं.

म्हणून मला कुणी 'धेंपोचं गुपित काय' विचारलं तर मी रँटीचं नाव नाही घेत. एकच मालक, एकच कोच, तीच पोरं वर्षानुवर्षं. २००७-०८ ला धेंपो आणि गोव्याचाच चर्चिल ब्रदर्स क्लब, दोघांचे ३६ पॉइंट झाले आणि लीग धेंपोकडं आली. अशी घासाघाशी असते तेव्हा एकमेकांची सवय असलेली टीम तरते.

मग गेला कुठं? यात लोक दोन टोकांचं बोलतात. गोवेकर म्हणतो देशाच्या फुटबॉल फेडरेशननं मारला, बाकीचे म्हणतात स्वतःच्या पायानं पडला. माझ्या मते आधी थोडा स्वतः घसरला, पण उठू दिला नाही तो दुसऱ्यांनी.

घसरणं बघ. २०१२ ला रँटी कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडला गेला. २०१३ ला आर्मांदोचा काळ संपला, आर्थर पापास नावाचा ऑस्ट्रेलियन कोच आला. खाणीचा धंदा धेंपोंनी २००९ मध्येच सेझाला विकला होता, १,७५० कोटींना. २०१२ मध्ये तर गोव्यातल्या सगळ्याच खाणी बंद पडल्या. फुटबॉलला जो पैसा सहज यायचा, तो सगळ्या गोव्यातच आटला.

त्यातलाच एक दिवस मी अजून विसरलो नाही. २१ एप्रिल २०१४, सोमवार. रजा टाकून आम्ही चौघं गाडी काढून फातोर्ड्याला गेलो. समोर बेंगळुरू एफसी, आदल्या वर्षी जन्मलेला क्लब, सुनील छेत्री कॅप्टन. त्यांनी धेंपोला ४-२ नं हरवलं आणि पहिल्याच हंगामात लीग घेऊन गेले, तीही आमच्या मैदानावर. तोंडं पाडून आम्ही पार्किंगला आलो. शेजारच्या स्कूटरवाल्यानं आमच्या गाडीची केए-२२ ची, म्हणजे कर्नाटकाची पाटी बघितली, मग आमची तोंडं बघितली, आणि म्हणाला, "कितें रे, तुमचीच टीम जिखली मरे!" काय सांगणार? कागदावर बरोबरच होतं त्याचं. अनमोड घाट चढेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही, आणि रामनगरला चहा घेताना चौघंही एकदमच हसायला लागलो.

पुढच्या हंगामात धेंपो फेडरेशन कपच्या फायनलला पोचला. जानेवारी २०१५, पुन्हा फातोर्डा, पुन्हा बेंगळुरू, २-१ नं हार. आणि त्याच हंगामाच्या शेवटी लीगमधून खाली. आता नीट वाच : टेबलात धेंपो शेवटचा नव्हता, शेवटून दुसरा होता. तळाला होता पुण्याचा भारत एफसी. पण तो पैसे भरून थेट प्रवेश घेतलेला कॉर्पोरेट संघ, त्याला खाली ढकलायचं नाही असा नियम. म्हणून पाच वेळचा चॅम्पियन खाली गेला. आणि ज्याच्यासाठी जागा राखली तो भारत एफसी त्यानंतर बंदच पडला! कुठल्याही गल्लीतल्या स्पर्धेत हे केलं असतं तर पंचाला घरी जाऊ दिलं नसतं.

धेंपोनं कुरकुर न करता दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळून २०१५-१६ ची ती लीग जिंकली. परत वर यायचा हक्क मिळवला. तोवर २०१४ ला आयएसएल चालू झाली होती, आणि २०१६ ला फेडरेशननं नवा आराखडा पुढं केला : आयएसएल सगळ्यात वर, आय-लीग तिच्याखाली, आणि खालून जिंकून वर जायला वाट नाही. मग खेळायचं कशासाठी? साळगावकर आणि स्पोर्टिंगनं त्याच वर्षी राष्ट्रीय लीग सोडली, पाठोपाठ धेंपोनंही. खालून जिंकून आयएसएलमध्ये जायची वाट पहिल्यांदा उघडली ती २०२३ ला, पंजाबच्या टीमसाठी. सात वर्षं उशिरा.

इथं एक गोष्ट गोवेकर सांगत नाहीत, ती मी सांगतो. आयएसएलमधला एफसी गोवा उभा राहिला तेव्हा सुरुवातीच्या मालकांत श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगावकर हे दोघं होते. म्हणजे नवं घर बांधताना वीट यांनीही दिली होती. त्यांना दोष देत नाही, दाराला आतून कडी लागेल हे तेव्हा कुणालाच वाटलं नसेल. पण सगळं खापर दिल्लीच्या फेडरेशनवर फोडताना एवढं लक्षात ठेवावं.

बाकी क्लब मेला नाही. जुन्या गोव्याजवळ एल्ला इथं त्यांची ॲकॅडमी आहे. समीर नाईक पुढं तिथंच कोच झाला. क्लिफर्डनं २०२३ ला ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला, म्हणजे त्या टीममधून नुसते खेळाडू नाही, कोचही निघाले. आय-लीग २ मधून वर येऊन धेंपो २०२४-२५ ला पुन्हा आय-लीग खेळला.

बघायचाच असेल तर गोवा प्रो लीगच्या मॅचची तारीख काढ. म्हापशाच्या धुळेर स्टेडियमवर मॅच असली तर चोर्ल्यानं जाणं आपल्याला सोपं, पावसाळ्यात मात्र आधी घाटाची चौकशी कर. आणि मामांना घेऊन जा. फक्त गाडी कर्नाटकाची असली तर पार्किंगमधे काय ऐकावं लागतं, ते आधीच सांगून ठेव.