मारीचीच्या हातातली सुई

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयातल्या मारीची या बौद्ध देवीच्या मूर्तींचे फोटो आणि त्यांखालची तुझी टिपणं वाचली. ‘सूर्याचं बौद्ध रूप’ एवढं लिहून तू पुढे गेलीस. तिथेच तुला जरा अडवतो.

सूर्याशी तिचं नातं आहेच. पीठावर सात घोड्यांच्या जागी सात डुकरं आहेत, रथाखाली बहुधा राहू असतो. पण सूर्याची मूर्ती आठव. तो ताठ, निश्चल उभा, दोन्ही हातांत उमललेली कमळं. बाण सोडून अंधार पळवायचं काम त्याच्या बाजूच्या उषा आणि प्रत्यूषा या देवींचं. मारीची ते काम स्वतः करते. एक गुडघा वाकलेला, दुसरा पाय ताणलेला, असा धनुर्धराचा पवित्रा तिने घेतलेला असतो. बंगाल-बिहारच्या पाल राजांच्या काळातल्या शिल्पकारांनी तो ताण काळ्या दगडात फार सुरेख पकडलाय.

आता तिचे आठ हात बघ. उजवीकडे वज्र, अंकुश, बाण आणि सुई. डावीकडे धनुष्य, अशोकाची डहाळी, पाशासह उगारलेली तर्जनी आणि दोरा. वज्र, अंकुश, पाश इतर तांत्रिक देवतांच्या हातांतही सापडतील. सुईदोरा मात्र हिचा खास. बिनयतोष भट्टाचार्यांनी संपादित केलेली ‘साधनमाला’, म्हणजे बौद्ध देवतांची ध्यानवर्णनं देणारा संस्कृत संग्रह, बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये 1925 आणि 1928 साली दोन खंडांत निघाली. तिच्यातलं ध्यान काढून वाच: ही देवी दुष्टांची तोंडं आणि डोळे शिवून टाकते. तिच्या धारणीत, म्हणजे रक्षणाच्या मंत्रपाठात, म्हटलंय की ती सूर्यचंद्रांच्या पुढे चालते, पण तिला कुणी पाहू शकत नाही, धरू शकत नाही, बांधू शकत नाही.

ही दोन वाक्यं शेजारी ठेव, मग मूर्ती उलगडते. सूर्याचा उजेड जग दाखवतो. मारीचीचा उजेड बघणाऱ्याचे डोळे दिपवतो आणि शरण आलेल्याला लपवतो. म्हणून वाटेवरचे चोर आणि शत्रू यांच्यापासून राखण करायला तिचा धावा होई. जपानमध्ये मारिशितेन या नावाने सामुराई तिला भजत, त्यामागेही हेच.

डावीकडचं वराहमुख बघून ‘डुक्कर म्हणजे मोह’ असं भवचक्रातलं, म्हणजे संसारचक्राच्या बौद्ध चित्रातलं, उत्तर पटकन सुचेल. ते पुरं पडत नाही. भवचक्राच्या मध्यावर डुक्कर संसार फिरवतं. इथे तेच तिच्या रथाला जुंपलंय, आणि तिचा स्वतःचा एक चेहराही झालंय. मोह मारून टाकायचा नाही, कामाला लावायचा, हा वज्रयानाचा, म्हणजे तांत्रिक बौद्ध पंथाचा, विचार मला त्यात दिसतो. हे माझं वाचन आहे, तू तपासून घे. मात्र हिची वज्रवाराही या दुसऱ्या वराहमुखी बौद्ध देवीशी गल्लत करू नकोस. ती नग्न, नाचती, हातांत कर्तरी (वाकडी सुरी) आणि कपाल (कवटीचं पात्र) घेतलेली. मारीचीच्या मुकुटात वैरोचन बुद्ध असतो, आणि ग्रंथ तिला चैत्याच्या, म्हणजे स्तूपाच्या, गाभ्यात बसवतात. म्हणून मूर्तीमागचा स्तूपाचा आकार निव्वळ नक्षी समजू नकोस.

सुई बारीक, त्यामुळे बहुधा तुटलेली असते. तेव्हा चिमूट बघ: अंगठा आणि तर्जनी जुळलेली असतील, तर तिथे सुई होती का हे तपास. टॉर्च समोरून मारू नकोस, बाजूने तिरपा धर, म्हणजे झिजलेली रेषही उठते.

ओडिशात जाशील तेव्हा काही जुन्या बौद्ध मूर्ती गावदेवी म्हणून पुजल्या जाताना दिसतील. शेंदूर खरवडायला किंवा साडी बाजूला करायला सांगू नकोस. गाव तिला ज्या नावाने हाक मारतं, ते नाव आधी लिही, मग आपलं.

त्याआधी वेरूळच्या 6 नंबरच्या लेण्यातली महामायूरी ही बौद्ध देवी बघून ये. तीही मंत्रातूनच घडलेली रक्षणकर्ती, पण सर्पविषापासून राखणारी. मोर लगेच दिसेल. खाली पोथी वाचत बसलेला माणूस तिथे कशासाठी कोरलाय, यावर मला पानभर लिहून पाठव.

तुझा हितचिंतक