ऑडिटची फाईल नंतर, आधी प्लॅनिंगचं टेबल

पत्र: "मी वस्त्रनिर्मितीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजमार्फत सहा महिन्यांच्या परदेशी प्लेसमेंटसाठी माझी निवड झाली आहे. विषय आहे नैतिक वस्त्रनिर्मिती. दोन पर्याय आहेत. एक, नेदरलँड्समधल्या एका ब्रँडच्या मुख्य कार्यालयातला शाश्वतता विभाग. दुसरा, त्याच ब्रँडसाठी शर्ट शिवणारा बांगलादेशातला गाझीपूरचा कारखाना, तिथला कंप्लायन्स विभाग, म्हणजे कायदे आणि नियम पाळले जातात का हे बघणारा. बाबा म्हणतात, युरोपची संधी सोडू नकोस. मला गाझीपूरला जावंसं वाटतं, पण राना प्लाझाबद्दल वाचलं की पोटात गोळा येतो. शिवाय ज्या बायका तुटपुंज्या पगारावर दिवसभर मशीनवर बसतात, त्यांच्यात जाऊन आपण 'शिकायचं' हे बरोबर आहे का, हाही प्रश्न पडतो. आणि यातून पुढे नोकरी कसली मिळते? काय करू?"

उत्तर:

गाझीपूरला जा, असंच मी सांगेन. मात्र दोन अटींवर. पहिली, सुरक्षिततेची आणि कागदपत्रांची खात्री आधी झाली पाहिजे. त्याबद्दल पुढे लिहितो. दुसरी अट तुझ्या शिक्षणाची आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सुरुवातीचे दोन-तीन महिने मला कंप्लायन्स विभागात बसवू नका, प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये किंवा इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये बसवा, असं कॉलेजच्या समन्वयकांना आजच कळव.

तुला हे उलटं वाटेल. विषय नैतिकतेचा आणि मी तुला वेळापत्रकं आणि मिनिटांच्या हिशेबाकडे पाठवतोय. पण कारखान्यातल्या माणसांचे हाल होणार की नाही, हे बहुतेक वेळा त्या टेबलावर ठरलेलं असतं. कंप्लायन्सच्या खोलीत येते ती त्याची नोंद.

एक हिशेब मांडून दाखवतो. आकडे कल्पित आहेत, पण शर्टाच्या कारखान्यात असेच असतात. शिलाईच्या एका लाइनवर ४० ऑपरेटर आहेत. आठ तासांचे ४८० मिनिटं धरली तर लाइनकडे दिवसाला १९,२०० मिनिटं आहेत. कार्यक्षमता ६० टक्के, म्हणजे हाताशी उरली ११,५२० मिनिटं. एका शर्टाचा एसएएम, म्हणजे शिलाईची प्रमाणित मिनिटं, १६ आहे. दिवसाला ७२० शर्ट निघतात. ऑर्डर १८,००० पीसची आहे, तर कामाचे २५ दिवस लागतील. सगळं कायद्यात, सगळं आठ तासांत.

आता समज, बायरच्या, म्हणजे माल घेणाऱ्या ब्रँडच्या, कार्यालयात कापडाच्या रंगाची मंजुरी पाच दिवस रखडली आणि शिपमेंटची तारीख मात्र तीच राहिली. उरले २० दिवस. रोज ९०० शर्ट काढायचे म्हणजे रोज दहा तास. आठवड्याचे सहा दिवस धरले तर बरोबर ६० तास. बांगलादेशच्या २००६ च्या श्रम कायद्यात ४८ तासांचा आठवडा आहे आणि ओव्हरटाइम धरून कमाल मर्यादा ६० तासांची. वर्षाची सरासरी मात्र ५६ च्या वर जाता कामा नये. म्हणजे पाच दिवसांच्या उशिराने लाइन कायद्याच्या काठावर येऊन उभी राहिली. मंजुरीला आठ दिवस लागले असते तर उरले असते १७ दिवस, आणि रोजचे तास झाले असते पावणेबारा. आठवड्याचे ७०.

इथे कारखान्याच्या मॅनेजरपुढे कोणते रस्ते उरतात? तारीख वाढवून मागणं, माल विमानाने पाठवून तो खर्च स्वतः सोसणं, काही माल गुपचूप बाहेरच्या छोट्या युनिटला देणं, किंवा माणसांना रात्रीपर्यंत थांबवून हजेरीचं दुसरं रजिस्टर ठेवणं. पहिला रस्ता बायरच्या हातात असतो. दुसऱ्यात नफा जातो. म्हणून तिसरा आणि चौथा रस्ता धरला जातो, आणि सहा महिन्यांनी एखादा ऑडिटर येऊन 'ओव्हरटाइम मर्यादेबाहेर' असा शेरा लिहितो. शेरा कारखान्याच्या नावावर पडतो. ज्या टेबलावर मंजुरी रखडली, तिथे कुणी ऑडिटर जात नाही. तू ते टेबल बघावंस म्हणून हा सगळा आटापिटा.

ऑडिटला मी कमी लेखत नाही. आगीची कवायत, बाहेर पडायचे मोकळे दरवाजे, वयाचे दाखले, पगारपत्रकं हे सगळं कुणीतरी तपासलंच पाहिजे. पण त्याची मर्यादा किती भीषण असू शकते हे या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवं. ११ सप्टेंबर २०१२ ला कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्यात आग लागून २५० हून जास्त माणसं गेली. त्या कारखान्याला एसए८००० हे कामाच्या जागेची परिस्थिती चांगली असल्याचं प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते. ढाक्याजवळच्या सावरमधल्या राना प्लाझा या इमारतीतल्या काही कारखान्यांचंही सोशल ऑडिट, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीची तपासणी, झालेलं होतं. इमारतीचं बांधकाम भक्कम आहे का, हे तपासणं त्या ऑडिटमध्ये येतच नव्हतं. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना तडे दिसले. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावलं गेलं. इमारत कोसळली आणि ११३४ जणांचा त्यात जीव गेला. धोका दिसत होता. 'आज मी आत जाणार नाही' असं म्हणून नोकरी टिकवण्याची सोय कामगारांकडे नव्हती, हे त्या दुर्घटनेचं मूळ दुखणं.

म्हणून त्यानंतर झालेला बांगलादेश अकॉर्ड तू नीट वाचून जा. मे २०१३ मध्ये कामगार संघटना आणि ब्रँड यांच्यात झालेला हा करार ब्रँडवर कायद्याने बंधनकारक होता. स्वतंत्र अभियंत्यांनी इमारती, वीज आणि आग यांची तपासणी केली, अहवाल सगळ्यांना वाचता येतील असे जाहीर झाले, दुरुस्तीला पैसा उभा राहील हे बघायची जबाबदारी कराराने ब्रँडवर टाकली, आणि धोकादायक जागी काम नाकारण्याचा कामगाराचा हक्क मान्य केला. दीड हजारांहून जास्त कारखाने त्याखाली आले. २०२० पासून हे काम आरएमजी सस्टेनेबिलिटी कौन्सिल, म्हणजे आरएससी, ही तिथली संस्था बघते.

तुझ्या भीतीवरचा व्यवहार्य उपायही यातूनच निघतो. कारखान्याचं नाव आणि पत्ता मागून घे. आरएससीच्या यादीत तो आहे का, दुरुस्त्यांपैकी किती झाल्या आणि कोणत्या रखडल्या आहेत, हे इंटरनेटवर बघता येतं. ओपन सप्लाय हब या खुल्या नकाशावर त्या कारखान्यातून कोणकोणते ब्रँड माल घेतात तेही शोध. अग्निसुरक्षेच्या दुरुस्त्या अर्धवट असतील किंवा कारखान्याचं नाव सांगायलाच टाळाटाळ होत असेल, तर जाऊ नकोस. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

देशातल्या परिस्थितीचंही तसंच. ऑगस्ट २०२४ मधल्या सत्तापालटानंतर भारतीयांसाठी व्हिसाची आणि प्रवासाची परिस्थिती बदलत राहिली आहे. वेतनाच्या प्रश्नावरून आशुलिया आणि गाझीपूर भागात आंदोलनं होतात, रस्ते अडतात, कारखाने काही दिवस बंद राहतात. परराष्ट्र मंत्रालयाची सूचना अर्ज करताना आणि निघण्याआधी, दोन्ही वेळा बघ. पर्यटक व्हिसावर प्लेसमेंट करायला कुणी सुचवलं तर सरळ नकार दे. राहण्याची सोय, कारखान्यात जाण्यायेण्याचं वाहन, विमा आणि अडचणीच्या वेळी रात्रीही फोन उचलणारी एक जबाबदार व्यक्ती, हे चारही लेखी हवं. हे जमणार नसेल तर त्याच ब्रँडला व्हिएतनाम किंवा श्रीलंकेतल्या पुरवठादाराबद्दल विचार. शिकायचं ते तिथेही शिकता येईल.

आता तुझा दुसरा प्रश्न, तिथे जाऊन शिकणं बरोबर का. तो तुला पडला याचा मला आनंद आहे. तुझ्या सहा महिन्यांनी तिथल्या कुणाचा पगार वाढणार नाही, हे आधीच मान्य करून जा. निदान तुझ्यामुळे कुणाचं नुकसान होऊ नये, एवढं तुझ्या हातात आहे. चालू लाइनवर 'मशीन चालवून बघते' म्हणून बसू नकोस. तुझ्या जागी शिवायच्या तुकड्यांचं बंडल अडलं की पुढच्या बाईचं टार्गेट चुकतं आणि बोलणी तिला बसतात. शिकायला ट्रेनिंगची मशीनं असतात, तिथे बस. सुपरवायझरसमोर कुणाला पगाराबद्दल विचारू नकोस. कुणी मनातलं सांगितलं तर नाव, लाइन नंबर आणि तक्रार एकाच वहीत लिहू नकोस, आणि चेहऱ्यांचे फोटो काढू नकोस. तू सहा महिन्यांनी परत येशील, तिला तिथेच राहायचं आहे. एखादा बाहेर पडायचा दरवाजा कुलूपबंद दिसला तर मात्र अहवालाची वाट बघू नकोस. त्याच मिनिटाला मजल्यावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याला सांग, त्याच दिवशी समन्वयकांना लिही. गोपनीयतेच्या करारावर सही करण्याआधी जिवाच्या धोक्याची माहिती कॉलेजला देण्याची मोकळीक त्यात आहे ना, हे वाचून घे.

बांगला शिकायला आजपासून सुरुवात कर. आकडे, वेळ, पगार, सुट्टी, दुखणं यांचे शब्द आधी. ऑपरेटर बायकांना तिथे 'आपा' म्हणून हाक मारतात. दुभाषा बरोबर असला की माणसं जपून बोलतात, आणि जेवणाच्या सुट्टीत कळतं ते कुठल्याच मुलाखतीत कळत नाही.

पगारपत्रक वाचायलाही शीक, आणि हे तर निघण्याआधीच करता येईल. डिसेंबर २०२३ पासून तिथे तयार कपड्यांच्या उद्योगात सगळ्यात खालच्या श्रेणीचं किमान वेतन महिन्याला १२,५०० टाका (टाका हे बांगलादेशचं चलन) झालं. पण त्यातला मूळ पगार ६,७०० टाका आहे. बाकी घरभाडं, औषधोपचार, प्रवास आणि जेवण यांचे भत्ते. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो, पण दुप्पट होतो तो मूळ पगार. ६,७०० ला महिन्याच्या २०८ तासांनी भागून दुप्पट केलं की तासाला साधारण ६४ टाका येतात. आता पूर्ण १२,५०० ला २०८ ने भाग. ६० टाका. म्हणजे भत्ते धरले तर दिवसभर थकल्यानंतरचा तास साध्या तासापेक्षा जेमतेम चार टाका जास्त देतो. कायदा पाळला जातो, दुप्पट दर दिला जातो, ऑडिटमध्ये शेरा पडत नाही, तरीही माणसाला जगण्यासाठी तो जादा तास करावाच लागतो. किमान वेतन आणि जगण्यापुरतं वेतन यांतलं अंतर एवढ्या हिशेबातही दिसतं.

नोकरीचं विचारलंस. कंप्लायन्स अधिकारी आणि सोशल ऑडिटर ही कामं आहेतच, पण माझ्या मते तू त्यांच्यावर थांबू नयेस. ब्रँडच्या सोर्सिंग आणि मर्चंडायझिंगमध्ये, म्हणजे माल कुणाकडून, कधी आणि किती दराने घ्यायचा हे ठरवणाऱ्या विभागांत, ज्यांना मिनिटांचा हिशेब कळतो आणि कामगाराची बाजूही कळते, अशी माणसं फार थोडी आहेत. पुरवठा साखळीत हक्कांची पायमल्ली होते का हे बघण्याची जबाबदारी आता कायद्यानेही येऊ लागली आहे. फ्रान्सने २०१७ मध्ये तसा कायदा केला, जर्मनीचा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, युरोपियन युनियनचा निर्देश २०२४ मध्ये आला. त्याच्या अंमलबजावणीची मुदत २०२५ मध्ये पुढे ढकलली गेली आणि त्यातून सूट मिळवण्यासाठी कंपन्यांनी मोठा दबाव आणला, त्यामुळे या भरवशावर नोकऱ्यांचा पूर येईल असं मी सांगणार नाही. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग पक्कं येत असेल तर मात्र कायदा पुढे सरको की मागे, तुला काम मिळेल, आणि त्या कामात बसून तू तारखेबद्दल आणि दराबद्दल आवाज उठवू शकशील. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशन यांचा बेटर वर्क हा कार्यक्रम अनेक देशांत कारखान्यांबरोबर काम करतो. अशा ठिकाणी पुढे जायचं तरी कारखान्याच्या मजल्यावरचा अनुभव लागतोच.

तुझ्या बाबांचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. युरोपातलं कार्यालय बघायला हवं, कारण मंजुरी तिथेच रखडते. म्हणून ब्रँडला असं विचारून बघ: पाच महिने गाझीपूर आणि शेवटचा महिना मुख्य कार्यालयात, शाश्वतता विभागात नव्हे तर खरेदी विभागात. पाच महिन्यांत ज्या ऑर्डरी तू लाइनवर बघितल्यास त्यांच्या तारखा आणि दर कसे ठरले, हे त्या टेबलावर बसून बघायचं. प्लेसमेंटचा प्रकल्प म्हणूनही हाच विषय दे: एका ऑर्डरचा प्रवास, तारीखवार, दोन्ही बाजूंनी. ब्रँड कदाचित नाही म्हणेल. पण ते हो म्हणाले तर बाबांचा आक्षेपही उरणार नाही. पत्र इंग्रजीत एका पानाचं लिही, त्यात विभाग, महिने आणि प्रकल्प एवढंच असू दे, आणि स्वीकारपत्रावर सही करण्याआधी त्यांचं उत्तर लेखी घे.